दुधाच्या मशीनवर स्टिकर का नाही?

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या माणसाचा मोबाईल दोन आकड्यांवर चालतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट आणि राधानगरी धरणाची दारं किती उघडली. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या चौथीतल्या पोरालासुद्धा पाठ असतंय, एक वेळ पाढे नसतील. जुनी माणसं अजून फुटात बोलत नाहीत, ती विचारतात "मच्छिंद्री झाली काय?", म्हणजे शिवाजी पुलाच्या कमानीपाशी पाणी टेकलं काय. आणि मग कुणीतरी ग्रुपवर टाकतं, राधानगरीचं ६ नंबरचं दार उघडलं, की लगेच खाली हात जोडलेले इमोजी, कधी उघडलं, किती क्युसेक, पाणी इकडं कधी पोचणार, गाडी कुठं लावू.

मला त्या दारांचं लहानपणापासून कौतुक आहे, आणि दुधाच्या मशीनवर यायच्या आधी त्यांचंच सांगावं लागणार. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण बांधायला घेतलं, पुरं झालेलं बघायला ते राहिले नाहीत, १९२२ ला गेले, काम त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी संपलं. त्याला सात स्वयंचलित दारं आहेत. बटण दाबून उघडायची नाहीत, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं दार उचललं जातं आणि पातळी उतरली की आपोआप बसतं. एका दारातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं, हा आकडा पेपरवाल्यांनी इतक्या वेळा छापलाय की आता तो आमच्याकडं पिनकोडसारखा झालाय. मुद्दा असा की ते दार कुणाच्या सांगण्यावर उघडत नाही. पालकमंत्र्यांचा फोन आला तरी नाही आणि खालच्या गावातल्या पुढाऱ्यानं उपोषण केलं तरी नाही. आणि याबद्दल मी आजपर्यंत कुणाला तक्रार करताना ऐकलेलं नाही, कारण नियम सगळ्यांना माहिती आहे, तलाव भरला की दार उघडणार, विषय संपला.

त्याच्या उलट आलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. तिथली दारं कधी आणि किती उघडायची हे माणसं ठरवतात, म्हणून दर महापुराला तेच भांडण, पाणी आधी का सोडलं नाही, फुगवटा कुठपर्यंत मागं येतो, उंची वाढवू देणार नाही वगैरे. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा झालं, २०२१ ला परत झालं. मी त्या वादात पडत नाही, त्यातले तज्ज्ञ प्रत्येक कट्ट्यावर बसलेले आहेत. पण यंत्र आलं की माणुसकी गेली असं जे सरसकट बोललं जातं ना, त्याला राधानगरी हे माझं उत्तर आहे. तिथं यंत्र आहे म्हणूनच वशिला नाही.

आता यात एक मेख आहे. त्या दाराला खालचं काही दिसत नाही. आंबेवाडीत, चिखलीत जनावरं अजून गोठ्यात आहेत का, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली आहे का, पंचगंगा आधीच धोक्याच्या वर आहे का, त्याला काय. पाणी चढलं, दार उघडलं. त्यामुळं खाली कुणीतरी जाऊन सांगावं लागतं, तलाठी म्हणा, ग्रामसेवक, पोलीस पाटील, तालमीची पोरं, रात्री अपरात्री दारं वाजवत फिरावं लागतं की उठा, म्हशी सोडा. स्वयंचलित दाराचा न्याय हा असा निम्मा दाराचा आणि निम्मा या माणसांचा असतो, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे सगळं डोक्यात यायला कारण पुतणी. तिला शाळेत वक्तृत्वाला विषय आलाय "विज्ञान तंत्रज्ञानाच्या युगात मानवी मूल्ये". आमच्या वेळी "विज्ञान शाप की वरदान" असायचा, त्याचाच हा शिकलेला भाऊ. "काका, पॉइंट सांग की" म्हणून आली. भाषण तिनं मोबाईलवरनं एआयकडून लिहून घेतलंच होतं, त्यात माणूस यंत्र बनत चालला आहे, संवाद हरवला आहे, आजीच्या गोष्टी हरवल्या आहेत असं सगळं शिस्तीत हरवलेलं होतं. मी म्हटलं अगं तुझी आजी आत बसून यूट्यूबवर कीर्तन ऐकतीय, तिचं काय हरवलंय? तर म्हणाली, "परीक्षकांना असलंच आवडतं." बरोबर आहे पोरीचं. पण मला ते भाषण काही पटेना, आणि मग मीच विचार करत बसलो की माझ्या ओळखीच्या माणसांचं या मशीनच्या कारभारात नेमकं काय जातंय. तर ते असं.

मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, येतात, आमच्याकडं मशीनिंग होऊन पुढं जातात. माझं काम मोजायचं. आता बाहेरच्या माणसाला वाटेल मोजायला काय लागतंय, व्हर्नियर लावायचा आणि आकडा वाचायचा. तसं नसतंय. आमच्याकडं प्रत्येक व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, अगदी साध्या गो-नोगो गेजलासुद्धा नंबर आहे आणि त्यावर स्टिकर आहे, कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतंय का याची तपासणी, कधी झालं, पुढचं कधी ड्यू. ड्यू डेट उलटलेला मायक्रोमीटर टेबलवर सापडला तर कस्टमरचा ऑडिटर आम्हाला सोडत नाही. ऑपरेटरला शंका आली की गेज चुकतंय, तर तो दुसरं गेज मागतो, मी ते द्यायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि सगळ्यात भारी नियम हा की एखादं गेज चुकीचं निघालं तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या गेजनं जेवढा माल मोजलाय तो शोधून परत तपासायचा. माल पुढं गेला असला तर कस्टमरला कळवायचं. हे सगळं कशासाठी, तर लोखंडाच्या तुकड्यासाठी. रिजेक्ट केलेलं कास्टिंगसुद्धा आम्ही परत एकदा बघतो, लगेच भंगारात टाकत नाही.

आता माझ्या आत्तीकडं या. आत्ती कागल तालुक्यात असते, दोन म्हशी, पहाटे उठून धार काढायची आणि किटली घेऊन डेअरीत जायचं, हे तिचं लग्न झाल्यापासून चाललंय. पूर्वी तिथं फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा दर ठरतो ते दुधातलं स्निग्ध, काढायची पद्धत म्हणजे काचेच्या नळीत ॲसिड, त्यात मापानं दूध, वर थोडं अल्कोहोल, बूच लावून ती नळी हातानं फिरवायच्या यंत्रात घालायची. नळी बाहेर काढली की वर पिवळ्या फॅटचा थर दिसायचा आणि तो आकड्यांवर मोजायचा. वास असा यायचा की लहानपणी मी नाक धरून बाहेर उभा राहायचो. पण ती नळी आत्ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. सेक्रेटरीनं सहा-आठ, म्हणजे ६.८, म्हटलं आणि हिला सात दिसलं तर ही म्हणायची नळी सरळ धर की रं बाबा.

ती पद्धत लई पवित्र होती असं मुळीच नाही. नळी धरणारा हात माणसाचा होता. चेअरमनच्या भावकीच्या म्हशींना बरोबर चांगली फॅट लागायची, विरोधी पार्टीच्या म्हशी काय खातात कुणास ठाऊक, त्यांना कायम कमी. निवडणुकीत कुणाचं काम केलं ते फॅटमध्ये दिसायचं. मग मशीन आलं. दुधाचा नमुना लावला की मिनिटभरात फॅट, एसएनएफ (पाणी आणि फॅट सोडून दुधात जे उरतं ते), दाटपणाची डिग्री सगळं स्क्रीनवर, वजन काट्यावरून आपोआप, चिठ्ठी हातात, मोबाईलवर मेसेज. आत्ती पहिल्या वर्षी एवढी खूश होती की काय विचारू नका. "आता कुणाच्या बाची भीती न्हाई" असं म्हणायची. आणि खरंच, ती भावकीची भानगड बंदच झाली. हे मी लिहिणार, कारण हे न लिहिता पुढचं लिहिलं तर ते पुतणीच्या भाषणासारखं होईल.

तर पुढचं. सातच्या वर लागणारी फॅट मध्येच सहा-दोन, सहा-तीन लागायला लागली. म्हशी त्याच, वैरण तीच, पेंड तीच. तिनं विचारलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काकू, मशीन दावतंय ते मी लिवतोय." सेक्रेटरी म्हणाला मशीन खोटं बोलत नाही. एवढंच. आत्ती मला फोनवर सांगते, "माणसाशी भांडता तरी येत हुतं. मी मशीनला काय इचारू? आणि मी इचारलो तर पोरं हसत्यात."

मी पुढच्या रविवारी गेलो, सवयीनं पहिलं काय बघितलं तर मशीनवर स्टिकर कुठाय. वजनकाट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का होता, तो दरवर्षी करून घ्यावा लागतो. फॅटच्या मशीनवर गणपतीचं स्टिकर होतं, कॅलिब्रेशनचं नव्हतं. ही मशीनं मला थोडीफार माहिती आहेत, दुधातून अल्ट्रासाउंड सोडून मोजतात. गाईच्या आणि म्हशीच्या दुधाला सेटिंग वेगळं असतं. दुधात फेस किंवा हवेचे बुडबुडे असले तर आकडा हलतो. आतली नळी रोजच्या रोज नीट धुतली नाही तर आत थर धरतो आणि आकडा हलतो. आणि मधून मधून त्या जुन्या ॲसिडच्या नळीशी ताडून बघायचं असतं, म्हणजे गंमत बघा, मशीनचा मास्तर अजून तीच नळी आहे. मी त्या पोराला सरळ विचारलं, शेवटचं कधी ताडून बघितलं? तो म्हणाला, "इंजिनिअर येतोय की." कधी? "बंद पडल्यावर."

म्हणजे मशीन बंद पडलं तर माणूस येतो आणि मशीन चुकलं तर कुणी येत नाही, कारण चुकलं हे कळायची सोयच नाही. आणि समजा उद्या कळलं की गेले काही महिने ते अर्ध्या पॉइंटनं कमी दाखवत होतं, तर मागची बिलं काढून फरक कोण देणार? कास्टिंगला मागं जाऊन शोधतात. दुधाला शोधत नाहीत.

दूध उत्पादकांच्या संघटना मिल्कोमीटरच्या, म्हणजे याच फॅटच्या मशीनच्या, तपासणीची मागणी करत आल्यात, नाही असं नाही. पण तिला उसासारखा आवाज नाही. उसाच्या काट्याचा विषय निघाला की आमच्याकडं चक्का जाम होतो, बाहेर वजन करून आणलेली गाडी कारखान्यानं नाकारू नये म्हणून माणसं रस्त्यावर बसतात. मला याचं कारण असं वाटतं की ऊस पुरुषाच्या नावावर असतो आणि ट्रॅक्टरवरनं जातो, दूध बाईच्या डोक्यावरनं जातं. कुणाला राग आला तर येऊ दे.

हाच प्रकार रेशनच्या अंगठ्याचा. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, सगळी उमर उद्यमनगरात मोल्डिंगला गेली, तापलेली वाळू आणि लोखंड हाताळून बोटं अशी गुळगुळीत झालीत की रेशन दुकानातलं अंगठा घेणारं ई-पॉस मशीन त्यांना ओळखतच नाही. ज्या हातांनी या गावाच्या इंजिनांचे पार्ट ओतले ते हात मशीनला दिसत नाहीत, यावर कविता करायची तर करा, आजोबांना तांदूळ पाहिजे. दुकानदार भला माणूस, तो म्हणतो, "मी वळखतो वो तुमास्नी, पर सिस्टीम घेईना." अंगठा जुळला नाही म्हणून रेशन नाकारायचं नाही, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवून द्यायचं, असं केंद्रानं २०१७ लाच राज्यांना लिहून कळवलेलं आहे. पण हे रांगेतल्या किती जणांना माहिती आहे? दुकानात दर लिहिलेला बोर्ड असतो, किती किलो ते असतं, तक्रारीचा नंबरसुद्धा असतो, फक्त अंगठा लागला नाही तर तुमचा हक्क काय, ही एक ओळ मी तरी कुठं लिहिलेली बघितली नाही. राधानगरीच्या दाराचा नियम पोराटोरांना माहिती आणि आपल्या ताटातल्या तांदळाचा नियम म्हाताऱ्याला माहिती नाही, आता बोला.

इथपर्यंत माझं गणित सोपं होतं, स्टिकर लावा, नियम भिंतीवर लिहा, दुसरं गेज द्या. पण कोल्हापूरच्या माणसाला तिथं थांबता येत नाही, कारण आपल्या जिल्ह्याच्या नावावर सोनोग्राफीचा हिशेब आहे.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. शाहू महाराजांचा जिल्हा, ज्यांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तो जिल्हा. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा नव्हता असंही नाही, महाराष्ट्रानं १९८८ लाच केला होता, मग १९९४ ला देशाचा आला, २००३ ला आणखी कडक झाला. त्यानंतर २००९-१० च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख असताना इथं सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर नावाचं यंत्र जोडलं गेलं. मशीनवर मशीन. कुठली तपासणी कधी झाली, काय बघितलं, याची नोंद राहणार आणि प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरावा लागणाऱ्या एफ फॉर्मशी ती ताडून बघता येणार. रेडिओलॉजिस्ट लोकांची संघटना हायकोर्टात गेली, पेशंटच्या खाजगीपणाचं काय म्हणून, तो मुद्दा अगदीच फालतू नव्हता, पण २०११ ला कोर्टानं जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला.

क्वालिटीतल्या माणसाच्या नजरेनं बघितलं तर ही फर्स्ट क्लास सिस्टीम. नियम बोर्डावर लिहिलेला, नोंद आहे, तपासणी आहे, चुकला तर शिक्षा आहे. आणि मशीन तर अचूकच होतं, तिथं कॅलिब्रेशनचा प्रश्नच नव्हता. त्याच मशीनवर बाळाचे ठोके दिसतात, पाणी कमी आहे का कळतं, कितीतरी बाया त्याच्यामुळं वाचल्यात. ज्या गोष्टीसाठी ८३९ झाले ती गोष्टही ते बरोबरच सांगत होतं, तीच तर अडचण होती. २०११ ला आकडा थोडा वर सरकला तरी ९०० च्या खालीच राहिला.

आमच्या वेळची गोष्ट सांगतो. बायकोच्या सोनोग्राफीला बसलो होतो, समोर भिंतीवर तो ठळक बोर्ड, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. शेजारी एक सासूबाई, नऊवारी, हातात पिशवी, सुनेपेक्षा त्यांचीच घालमेल जास्त. सून आतनं बाहेर आली, मागनं डॉक्टर मॅडम दुसऱ्या पेशंटला हाक मारायला आल्या तर सासूबाई हसून म्हणाल्या, "मग मॅडम, पेढं आणू का बर्फी?" म्हणजे तसं बघितलं तर काहीच विचारलं नाही, कुठल्या फॉर्मवर, कुठल्या यंत्रात त्याची नोंद होणार नाही. आख्खी रांग कान टवकारून. मॅडमनी एक शब्द न बोलता बोटानं बोर्ड दाखवला आणि तशाच उभ्या राहिल्या, सासूबाईंचं हसू जाईपर्यंत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "सुनेला भाकरी-पालेभाजी घाला, रक्त कमी आहे." पुढच्या पेशंटला घेऊन आत गेल्या. सायलेंट ऑब्झर्व्हर त्या तेवढ्या वेळात काही करू शकला नसता. तिथं त्या बाईच पाहिजे होत्या.

म्हणून मला हेरवाडचं मोठं वाटतं. शिरोळ तालुक्यातलं गाव, मे २०२२, शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली त्या वेळेला ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगितलं की असं करा. ना ॲप, ना पोर्टल, गावानं एकत्र बसून केलेला नियम. ठराव झाला म्हणजे सगळीकडं थांबलं असं नाही, माझ्या डोळ्यांदेखत नंतरही बांगड्या फुटल्यात, शिकलेल्या घरात. पण आता निदान एखादी भाची उठून म्हणू शकते की हेरवाडला बंद केलंय, इथं का? म्हणायला काहीतरी हातात आहे तिच्या.

आणि एक राहिलं, मोबाईल. जून २०२३ आठवतो ना? कुणाच्या तरी स्टेटसवरून ७ तारखेला शहरात दगडफेक, लाठीचार्ज, अश्रुधूर, इंटरनेट बंद. यावर मी जास्त लिहिणार नाही, जखम जुनी झालेली नाही आणि माझे मित्र दोन्हीकडचे आहेत. फक्त एवढंच की स्टेटस जेमतेम ओळखीच्यांना दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट होऊन गावभर जातो तो हातांनी जातो, प्रत्येक फॉरवर्डला कुणाचा तरी अंगठा असतो, आणि तो अंगठा मशीन बरोबर ओळखतं बरं का. रील्सचं तर त्याहून अवघड. मला काय दाखवायचं, माझ्या पुतण्याला काय दाखवायचं, कुठल्या पातळीला गेलं की काय सोडायचं, हे ठरवणारं काहीतरी आहे आणि त्याचा नियम गावात एकालाही माहिती नाही. आलमट्टीवर निदान भांडायला कर्नाटक सरकार तरी आहे.

पुतणीला मी यातलं काय सांगणार? पाच मिनिटांच्या भाषणात डेअरी सांगितली तर परीक्षक म्हणतील विषय सोडून बोलली. तिला राधानगरीचं दार आणि हेरवाड दिलं, बाकी तिचं ती बघेल. नंबर नाही आला तर काका जबाबदार, असं ठरलंय.

डेअरीचं मात्र सोडलेलं नाही. मी आणि आत्तीनं मिळून एक अर्ज लिहिला, साधाच, की महिन्यातून एकदा मशीनचा आकडा सभासदांसमोर जुन्या नळीशी ताडून बघावा आणि तारीख मशीनवर चिकटवावी, कुणाला शंका आली तर त्याचं दूध लगेच दुसऱ्यांदा लावावं, आणि फरक निघाला तर मागचा हिशेब करावा. आत्तीनं त्यात स्वतःहून घालायला लावलं की काउंटरवरच्या पोरानं हसायचं नाही. मी म्हटलं हे अर्जात नको, ती म्हणाली, "मग मी सही करत न्हाई." ठेवलं. आणखी सात-आठ बायांच्या सह्या, दोन अंगठे. चेअरमननी अर्ज वाचला, मान हलवली आणि म्हणाले, वार्षिक सभेत मांडा.

आता आमच्याकडच्या वार्षिक सभा तुम्हाला माहिती आहेत. पुढच्या रांगेतनं "मंजूर मंजूर" आणि मागनं "नामंजूर" असा एकच गलका होतो, माईक कुणाच्या हातात राहील सांगता येत नाही, आणि दहा मिनिटांत वंदे मातरम्. त्यात अर्जातली अडचण सेक्रेटरीनं बरोबर शोधून काढली. डेअरीचे सभासद कागदोपत्री मामा, म्हणजे आत्तीचा नवरा, आहेत, आत्ती नाही. सह्या केलेल्या बायांपैकी एकीच्याच नावावर शेअर आहे. सभेत बोलायचा अधिकार सभासदाला. मामांनी आजपर्यंत डेअरीत पाऊल टाकलंय ते फक्त दिवाळीचा बोनस आणायला, त्यांना फॅट म्हणजे काय हे आत्तीनं काल रात्री समजावलं. त्यांचं म्हणणं चेअरमन आपल्या पार्टीचा आहे, उगं वाईटपणा कशाला. आत्तीचं म्हणणं शेअर माझ्या नावावर करून द्या, मी बोलतो. सभा सप्टेंबरात आहे, आणि शेअर ट्रान्सफरचा फॉर्म भरून टीव्हीखाली ठेवलाय, मामांची सही तेवढी राहिलीय.